कोण कुठे रडलं

२०२३च्या दिवाळीत सुजय डहाकेचा ‘श्यामची आई’ लागला, तेव्हा मी आई आणि आजीला घेऊन बघायला गेलो होतो. पुण्यात, दुपारचा शो. निम्मं थिएटर रिकामं. शेजारच्या पडद्यावर सलमान खानचा ‘टायगर ३’ चालू होता आणि आपल्या पडद्यावर कोकणातलं शांत, कृष्णधवल घर दिसत असताना भिंतीपलीकडून मधूनच स्फोट ऐकू यायचे. आजीला ते ऐकू येत नसावेत. ती पहिल्या वीस मिनिटांतच पदर डोळ्यांना लावून बसली होती.

आमच्या मागच्या रांगेत माझ्याच वयाचं एक जोडपं होतं. श्याम पोहायला जायला घाबरतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते, तो प्रसंग आल्यावर त्यातली मुलगी हळूच म्हणाली, “हे अब्यूज आहे यार.” आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांनी मागे वळून तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने राष्ट्रगीताला मोबाइल काढला. तेच काका मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत कुणाला तरी सांगत होते, “आजच्या पोरांना हे कंपल्सरी दाखवलं पाहिजे.”

आणि माझी आई? ती रडली नाही. दोन तास सरळ बसून होती. सिनेमा सुटल्यावर आम्ही आजीच्या गतीने, एकेक पायरी उतरत खाली आलो. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “एवढं कर्ज होईपर्यंत त्या बाईनं सांगितलं नसेल का रे त्याला?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ‘श्यामची आई’ मी सातवीत वाचलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला म्हणून मिळालं होतं ते. मला पोहणं आठवत होतं, पाय घाण होऊ नयेत म्हणून आईने अंथरलेलं ओलं लुगडं आठवत होतं, मुक्या कळ्या आठवत होत्या. कर्ज आठवतच नव्हतं.

या लेखात मला सिनेमाचं परीक्षण करायचं नाही. करायचंच झालं तर ते लवकर संपेल: प्रामाणिक सिनेमा आहे, गौरी देशपांडेंची आई देव्हाऱ्यातली वाटत नाही, दमलेली वाटते, आणि ही मला मोठी जमेची बाजू वाटली. ओम भूतकर साने गुरुजी म्हणून मला आवडला. कृष्णधवलबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही, त्यावर पुढे येतो. मला लिहायचंय ते बघणाऱ्यांबद्दल. कारण एकाच गोष्टीवर सत्तर वर्षांच्या अंतराने दोन सिनेमे आले आणि दोन्हींच्या वेळी लोकांनी काहीतरी केलं: रडले, चिडले, मुलांना धरून बसवलं. हे सगळं नेमकं कशाला उद्देशून होतं?

आजीपासून सुरू करतो. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा. आजी तेव्हा दहा वर्षांची, साताऱ्यात. शाळेने सगळ्या वर्गांना रांगेत नेलं होतं. ती सांगते की पोरींची फडकी भिजली, मास्तरही रडत होते, आणि बाहेर आल्यावर कुणी कुणाशी बोलेना. मी विचारलं, “आजी, कुठल्या सीनला रडलीस?” तिला सांगता येईना. तिला वनमालाबाईंचा चेहरा आठवतो, ‘भरजरी गं पितांबर’ची चाल आठवते, आणि घरी आल्यावर आपण आपल्या आईला मिठी मारली तर ती म्हणाली, “सरक, भाकरी करपेल,” एवढं आठवतं.

त्या रडण्याबद्दल आपण आज जरा थट्टेने बोलतो. पण त्यातल्या मोठ्यांना काय काय माहीत होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पडद्यावर आईसाठी रडणारा पोरगा पुढे काय करणार आहे हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येक वाचत्या माणसाला ठाऊक होतं. लोक आईसाठी रडत होते आणि श्यामसाठीही. दुसरं म्हणजे, गोष्ट पालगडच्या एका खोत घराण्याची आहे आणि मुंबई सरकारचा खोती रद्द करणारा कायदा १९४९चा. कोकणातून मुंबईत आलेल्या कितीतरी प्रेक्षकांच्या घरात ‘आपलं होतं ते गेलं’ किंवा ‘त्यांचं गेलं, बरं झालं’ यांतलं एक वाक्य ताजं असणार. जमीन जाणं ही त्यांच्यासाठी गोष्टीतली पार्श्वभूमी नव्हती.

अत्रेही साधे नव्हते. विनोदाचा बादशहा म्हणवला जाणारा माणूस हा सिनेमा करतो आणि आईच्या भूमिकेला घेतो ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंना, म्हणजे सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’च्या नायिकेला. त्या चेहऱ्यात मुळात एक खानदानी ताठा आहे. ती बाई लुगड्याला ठिगळ लावते तेव्हा हे घर कुठून कुठे आलंय ते संवादाशिवाय कळतं. १९५४ साली पहिल्यांदाच राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं. आणि इथून पुढे, माझ्या मते, गडबड सुरू झाली. पदक मिळालेली आई शाळेत गेली. शाळेत गेल्यावर तिचं जे होतं ते झालं.

आमच्या शाळेत दर २४ डिसेंबरला, साने गुरुजी जयंतीला, चाकं असलेल्या लोखंडी कपाटातला टीव्ही हॉलमध्ये आणून हा सिनेमा लावायचे. साठ पोरं जमिनीवर. मागच्या रांगेत आम्ही दबक्या आवाजात हसायचो. ‘छडी लागे छमछम’ सुरू झालं की मारकुट्या सरांकडे बघून तेच गाणं म्हणायचो. वर्गात कुणी आईचं नाव काढलं की तो ‘श्याम’ झालाच म्हणून समजा. मला वाटतं माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची या गोष्टीशी ओळख अशीच झाली: कुणीतरी आपल्याला सुधारण्यासाठी दाखवत असलेली गोष्ट. अशा गोष्टीला दोनच प्रतिक्रिया संभवतात. एक, मान डोलावणं. दोन, मागच्या रांगेत हसणं. थिएटरमधले ते काका आणि ती मुलगी या दोन रांगांमधलेच वाटले मला.

मुलीचं म्हणणं मात्र मी सोडून देऊ शकत नाही. माझ्या टीममधली एक सहकारी आहे, तिची मुलगी चार वर्षांची. तिने घरी जुना सिनेमा लावला आणि पोहण्याच्या प्रसंगाला बंद केला. “माझ्या पोरीनं विचारलं, ती त्याला का मारते? मी काय सांगू, प्रेम आहे म्हणून?” याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. मारणं म्हणजे मारणं. ‘तेव्हाचा काळ वेगळा होता’ हे वाक्य मला पळवाट वाटतं, कारण तेव्हाही पाठ पाठच होती. पण पुस्तकात तो प्रसंग कुणी सांगितलाय हेही बघावं लागतं. ही गोष्ट आईने सांगितलेली नाही आणि ती कुठल्या पालकांसाठी लिहिलेलीही नाही. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बसलेला तेहतीस वर्षांचा माणूस पाच दिवसांत ती लिहून काढतो. त्याची आई जाऊन पंधरा वर्षं उलटलेली आहेत. ती गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. असा माणूस आईच्या हातचा मारसुद्धा जपून ठेवणारच. पाठीवरचे वळ आणि त्यानंतरचा तिचा हात, त्याला दोन्ही हवंय. आपण मात्र त्या आठवणीचं नियमपुस्तक केलं. आता त्या नियमपुस्तकावर माझी सहकारी चिडली, तर तिचं काय चुकलं?

सिनेमाहून आल्यावर आठवड्याभरात मी पुस्तक पुन्हा वाचलं. बेचाळीस रात्री. सवय वाईट असते, मी एक्सेलची शीट उघडली आणि प्रत्येक रात्रीपुढे थोडक्यात लिहीत गेलो: कोण, काय, पैशाचा उल्लेख आहे का. पहिल्या निम्म्यात शीट बहुतेक हिरवी आहे. फुलं, गाय, पत्रावळी, व्रतं, चोरून खाल्लेलं काहीतरी. पैसा आहे, पण कडेकडेने. तिसावी रात्र ओलांडल्यावर रंग बदलायला लागतो आणि मग बदललेलाच राहतो. सावकार, तगादे, तिच्या अंगावरून जाणारे दागिने, जप्ती, गावात पिटलेली दवंडी, शाळेत धाकट्या भावाला चिडवणारी पोरं. मग तिचं आजारपण. मग ती जाते.

त्या भागात आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तिने सांगितलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थोडी जमीन विकून कर्जातून मोकळे होऊ, असं ती नवऱ्याला म्हणत आलेली होती. आणि त्याने तिला तिची जागा दाखवली होती. चुलीपाशी. वतनदार घराण्याने जमीन विकायची म्हणजे काय, हे बाईमाणसाला कुठून कळणार! मग व्हायचं तेच होतं. वसुलीचा माणूस दारात येऊन बसतो. तिच्याबद्दल नको ते बोलतो. तेव्हा ती आतून बाहेर येते आणि त्याला सुनावते. बेचाळीस रात्रींत ही बाई परक्या माणसासमोर इतक्या मोठ्याने दुसऱ्यांदा बोलल्याचं मला आठवत नाही.

हे वाचून मी ‘अळणी भाजी’च्या रात्रीकडे परत गेलो. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. ती भाजीत मीठ घालायला विसरते, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात. शाळेत हे वडिलांच्या मनाच्या मोठेपणाचं उदाहरण म्हणून सांगत. आहेच ते मोठेपण, ते मी नाकारत नाही. पण तोच माणूस मिठाबाबत बायकोला इतकं जपतो आणि जमिनीबाबत तिचं एक वाक्य ऐकून घेत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत. मुलाने दोन्ही लिहिल्या आहेत. सत्तर वर्षं आपण त्यातली एकच मोठ्याने वाचतोय. जिचा शब्द श्यामच्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत शेवटचा होता, तिला घर बुडताना शब्दच नव्हता. तिला डोक्यावर घेणाऱ्यांना हे दिसत नाही आणि ‘टॉक्सिक’ म्हणणाऱ्यांनाही दिसत नाही, कारण दोघांची भांडणं ती मुलाशी कशी वागली यावर चालली आहेत. तिच्याशी कोण कसं वागलं, हे रिक्षात बसून माझ्या आईने विचारलं.

आता कृष्णधवलबद्दल. सिनेमा बघितलेल्या बहुतेकांनी मला हेच विचारलं: रंग का नाहीत? काहींना ते अत्र्यांना वाहिलेली श्रद्धांजली वाटलं, काहींना काटकसर. मला पडद्यावर ते सुंदर वाटलं आणि नंतर खटकलं. रंग काढून घेतले की सगळंच ‘तेव्हाचं’ होतं. तेल, दिवा, जातं, त्यांच्याबरोबर कर्जसुद्धा. पुढे बसलेल्या काकांना तो काळ हवाहवासा वाटू शकला यात छायाचित्रणाचा थोडा हात आहे असं मला वाटतं. सावकाराचा माणूस जुन्या फोटोत शोभून दिसतो. (या सिनेमाला २०२३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२५मध्ये जाहीर झाला. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून एकाहत्तराव्यांपर्यंत त्याच बाईचा प्रवास झाला, याची मला गंमत वाटली.)

माझा हा सगळा सिद्धान्त मी ऑफिसात एका मित्राला ऐकवला. तो मंडणगड तालुक्यातला, त्याचे पणजोबा कूळ होते. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमच्या श्यामच्या घराची दवंडी पिटली, कारण जप्त करायला काहीतरी होतं. आमच्या पणजोबांकडे खोताचा माणूस यायचा ना, तेव्हा दवंडी नाही पिटायचे. पणजी काय बोलली असेल ते लिहायला घरात कुणी शिकलेलं नव्हतं.” त्याने दोन्ही सिनेमे बघितले आहेत. रडलास का विचारल्यावर म्हणाला, “मथुरीला.” मथुरी म्हणजे त्यांच्याकडे कामाला येणारी बाई. पुस्तकात तिच्या नावाची एक रात्र आहे. मी शीटमध्ये त्या रात्रीपुढे ‘पैसा: नाही’ असं लिहिलं होतं. घरी येऊन ते खोडलं. खोताच्या घरातून बघताना कर्ज पस्तिशीत येतं. मथुरीच्या घरातून बघितलं तर पहिल्या पानापासून असणार.

साने गुरुजींना याची जाणीव नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. याच माणसाने १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. पण तुरुंगात त्या पाच दिवसांत तो स्वतःच्या अंगणात उभा होता आणि तिथून जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलं.

माझं अंगण सांगायचं राहिलं. आमचं कराडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी एका ओळखीच्या माणसाला एका पतसंस्थेत जामीन राहून सही दिली. आई नको म्हणाली होती. तो माणूस हप्ते भरेनासा झाला, तेव्हा आई म्हणाली, गावाबाहेरचा प्लॉट विकू आणि विषय संपवू. बाबा म्हणाले, “तुला त्यातलं काय कळतंय?” मी तेव्हा हॉस्टेलवरून सुट्टीला आलो होतो. मी शिकलेला, मी घरातला पहिला इंजिनीअर होणार होतो. मीही म्हणालो, “आई, तू यात पडू नकोस.” मला ते चांगलं आठवतं, कारण मी ते समजुतीच्या सुरात म्हणालो होतो.

वसुलीवाला दुपारी यायचा, बाबा दुकानात असताना. चप्पल न काढता पायरीवर बसायचा आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने बोलायचा. आई दारात उभी राहायची. तिने त्याला काय सुनावलं, किंवा सुनावलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. प्लॉट शेवटी विकला, तीन वर्षांनी, तोवर व्याजाने त्याचा निम्मा खाल्ला होता. आमचं बरं झालं म्हणायचं. दवंडी नाही, जप्ती नाही, मला नोकरी लागली. या सगळ्याला आमच्या घरात ‘तो मधला काळ’ म्हणतात.

दिवाळी संपल्यावर दोघींना सोडायला मी कराडला गेलो, तेव्हा पुस्तक बरोबर नेलं होतं. संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, “तू विचारलं होतंस ना, ते सापडलं.” आणि जमीन विकायचं ती नवऱ्याला सांगते ते पान वाचून दाखवलं. त्याचं उत्तरही.

आईने काड्या बाजूला केल्या. “मग विकली?”

“नाही. तेव्हा नाही.”

“किती वर्षं गेली मध्ये?”

पुस्तकात वर्षं दिलेली नाहीत, निदान त्या पानांवर तरी नाहीत. मी मागेपुढे उलटून बघत होतो, श्यामच्या वयावरून हिशेब लागतो का ते. ती वाट बघत होती. बाहेरच्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता.